फक्त घरच्यांना

"हा कोण तुमचा?" तुरुंगाच्या खिडकीतल्या शिपायाने विचारलं.

"मुलगा," आई म्हणाली.

"परवा एक झाला, आज हा. एकूण किती हो, बाई?"

"पोरं मोजू नयेत. दृष्ट लागते."

शिपाई हसला. फाटक उघडलं. भेट फक्त घरच्यांना, असा नियम. म्हणून सरकारने उचललेल्या प्रत्येकाची ती आई व्हायची, तो सुटेपर्यंत खेटे घालायची. त्याचा धर्म विचारायची नाही. तिच्या आजोळची सगळी माणसं, ज्यू म्हणून, अशीच उचलली गेली होती आणि त्यांची चौकशी करायला कोणी गेलं नव्हतं.

लेक गाडीत ताटकळत होती. शुक्रवार होता, सूर्य मावळायच्या आत घरी शब्बाथच्या, ज्यूंच्या विश्रामवाराच्या, मेणबत्त्या लावायच्या होत्या. आई धापा टाकत आली.

"तुझ्या भावाला ताप आहे गं."

"मला भाऊ नाही. मी एकुलती एक आहे."

"असं कोण म्हणतं?"

"माझा जन्मदाखला."

आई खो खो हसली. लेक हसली नाही. शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात आईची खुर्ची रिकामी असायची. आई कुठल्यातरी खिडकीपाशी दुसऱ्याच कोणाची आई झालेली असायची.

शनिवारी पहाटे आई झोपेतच गेली.

रविवारी दफनभूमीच्या दारावर पोलीस होते. गर्दी नको, फक्त घरचे. घरचे म्हणजे लेक आणि काठी टेकत आलेला मामा. खड्डा मजुरांवर सोडायचा नाही, आपल्या माणसांनीच मातीने भरायचा, अशी त्यांची रीत. मामाला फावडं उचलेना.

रस्त्यापलीकडे वीसपंचवीस माणसं निमूट उभी होती. आईने सोडवून आणलेली. प्रत्येकाने अंगातला कपडा छातीवर डावीकडे फाडला होता. लेकीनेही सकाळी तसाच फाडला होता. ज्यूंच्या सुतकात डावीकडे फाडायचा तो आईबापांसाठी, आणि तोही मुलांनीच. हे त्यांना कोणी शिकवलं, कोण जाणे.

"ही कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

लेकीने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा रस्त्यापलीकडे.

"भावंडं माझी."

"ते पांढऱ्या दाढीचे आजोबासुद्धा?"

"तेसुद्धा. तुरुंगात माणूस लवकर पिकतं."

 अधिकाऱ्याने दार ढकलून पूर्ण उघडलं.

"आणि तुम्ही?"

"मी शेंडेफळ."