कमरेला खोचलेली चावी

बसा जरा, एका मावशीची गोष्ट सांगतो. टॅक्सी स्टँडवर चाव्या खिळ्यांना टांगलेल्या. ज्या ड्रायव्हरचा नंबर येईल त्याला मावशी चावी द्यायची. एका दुपारी एक आजी टॅक्सीतून उतरून थेट मावशीकडे आल्या. “बाई गं, हा मोबाईलवर सिनेमा बघत गाडी हाकतो! बोलले, तर म्हणतो, पुलावरच उतर!” ड्रायव्हर म्हणजे मावशीच्याच बहिणीचा पोरगा, तिनंच वाढवलेला. चावी बोटावर फिरवत तो हसला. “मावशे, म्हातारी उगाच घाबरते. पुढचं गिऱ्हाईक दे.” मावशीनं चावी हिसकावली, खिळ्याला न लावता कमरेला खोचली आणि वाहतूक पोलिसांना तक्रारीचा फोन लावला. “अगं, लायसन जाईल! मी तुझाच ना?” “माझाच. म्हणून तर मागच्या दोन तक्रारी गिळल्या. आता नाही. आजी, बोला, गाडीचा नंबर मी सांगते.” तुम्हीही जीव मुठीत धरून बसू नका राव, फोन लावा.