नांदीआधीचा कॉल

फोन वाजला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. नरसिंहराव शेजारच्या छत्रातून, म्हणजे त्यांच्या मुलीचं लग्न होतं त्या कार्यालयातून, घागरी न्यायला पितळी भांड्यांच्या दुकानात आले होते. मालकांनी लग्नापुरत्या दिल्या होत्या. बारा वर्षं या दुकानात फोन उचलणं हेच त्यांचं काम. हात आपोआप गेला.

"मद्रासहून ट्रंक कॉल," एक्सचेंजमधला शेषाद्री म्हणाला. "नावाचा कॉल आहे. नरसिंहराव आहेत का?"

नावाचा कॉल म्हणजे ज्याचं नाव दिलंय तोच माणूस आला तर जोडायचा, नाहीतर नाही. सहा वर्षं रोज दहादा बोलूनही दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाज शेषाद्रीला पक्का ठाऊक. तरी विचारायचं म्हणजे विचारायचं.

मद्रास म्हटल्यावर नरसिंहरावांनी ओळखलं, अण्णांविषयीच असणार. अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ रघूत्तम, महिनाभर तिथल्या इस्पितळात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. उशाशी त्यांचा मुलगा वादिराज. लग्नाच्या दिवशी भल्या सकाळी तिकडून फोन येतो तो आणखी कशासाठी येणार?

भाऊ गेल्याचं कानावर आलं की सुतक. येत नाही तोवर नाही. आणि नांदी, म्हणजे लग्नाआधीचं पितरांचं पूजन, एकदा उरकलं की मग सुतक लग्नाला आडवं येत नाही. नांदी नऊला होती. दोन तास, फक्त दोन तास काही कळायला नको होतं. विजयलक्ष्मीचं लग्न अण्णांच्या दुखण्यापायी आधीच दोनदा पुढं गेलेलं. परवापासून तमिळ आडी महिना, त्यात मुहूर्त नाही, आणि त्यानंतर नवरामुलगा कलकत्त्याला नोकरीवर. तिरुविडैमरुदूरच्या व्याह्यांनी तोंडावर सांगितलं होतं की या खेपेला राहिलं तर कायमचं राहिलं. तारेचा बंदोबस्त नरसिंहरावांनी केला होता. आली तर नऊनंतर दे, असं पोस्टमनला बजावलं होतं. सगळेच करतात, त्यात वावगं काही नाही. फोनचं मात्र बापड्याच्या डोक्यातच आलं नाही. फोनवाला माणूस, आणि फोनच विसरला!

"नाहीत," ते म्हणाले.

शेषाद्री म्हणाला, "बरं, रायर. नाहीत म्हणून कळवतो." रायर, म्हणजे गावातले तमिळ लोक मराठी ब्राह्मणाला म्हणतात तसं.

आता निघून जावं, तर तेही जमेना. पुन्हा वाजला तर दुकानातला सेतू उचलणार, आणि सेतूचा आवाज असा की पुढच्या गल्लीला बातमी कळावी. तेव्हा नरसिंहराव फोनपाशीच बसून राहिले. बायकोनं, अलमेलुनं, दोनदा बोलावणं पाठवलं. दोन्ही वेळा त्यांनी घागरी पुसतोय म्हणून सांगितलं. पलीकडे नादस्वरवाले सूर लावत होते आणि इथं हा माणूस फोनवरून नजर काढत नव्हता.

पावणेआठला पुन्हा घंटी.

"तोच कॉल," शेषाद्री म्हणाला. "एकच मिनिट बोलायचंय म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की..."

"सांगू नका." नरसिंहराव जवळजवळ ओरडलेच. "तुमच्या पाया पडतो, एक अक्षर सांगू नका. नरसिंहराव गावात नाहीत. कुठं गेले ठाऊक नाही. पुन्हा फोन करू नका म्हणावं."

रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांना रडू फुटलं होतं. पंच्यानं तोंड पुसलं, घागरी उचलल्या आणि छत्रात गेले. फोन पुन्हा वाजला नाही.

नांदी वेळेवर झाली. भटजींनी अक्षता टाकल्या तसे नरसिंहराव उठले. कुणी काही विचारलं, कुणी हात धरला, ते थांबले नाहीत. दुकानात येऊन त्यांनी रिसीव्हर उचलला.

"शेषाद्री, आता सांगा. आता ऐकतो. अण्णा कधी गेले? वादिराज फार रडत होता का?"

"फोनवर मुलगा नव्हता, रायर. तुमचे अण्णा स्वतः होते."

नरसिंहरावांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

शेषाद्रीनं मग सगळं सांगितलं. इस्पितळाच्या ऑफिसात अण्णांना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी हट्टच धरला होता म्हणे. माझा भाऊ घाबरट, नांदी होईपर्यंत जीव मुठीत धरून बसला असेल. मी जिवंत आहे, निर्धास्त नांदीला बस, एवढंच त्याला सांगायचंय, असं ते शेषाद्रीला म्हणाले होते.

"जोडा," नरसिंहराव म्हणाले. ते हसत होते, डोळ्यांना पाणी होतं. "अर्जंट जोडा. नाव रघूत्तम. नांदी झाली म्हणून सांगतो त्यांना. वाटेल तेवढ्या शिव्या देऊ देत."

"मघाशी मीच तिकडे लावला होता, रायर. आमच्या नियमात बसत नाही, पण राहवलं नाही." शेषाद्रीचा आवाज खाली आला. "खुर्चीतून परत नेतानाच गेले. आठ वाजता."

छत्रात बायकांची गाणी सुरू झाली होती. नरसिंहरावांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. शेषाद्रीही लाईन सोडून गेला नाही.

"आणखी एक सांगायला हवं," शेषाद्री म्हणाला. "दुसऱ्या वेळी तुम्हाला विचारताना त्यांची लाईन बंद करायची राहिली. चूक माझी. तुम्ही बोललात ते सगळं त्यांना ऐकू गेलं."

विचारायचा धीर नव्हता, तरी नरसिंहरावांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तो स्वतःच नाही म्हणतोय, तर नाही. आता त्याला त्रास देऊ नका.'"