हिरवी की लाल

मिस्त्री लाल गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. दंतवैद्य डॉक्टर लगबगीने दोन पावलं पुढे झाले.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात त्या दोघी उभ्या होत्या. दोन्ही ब्रिटिश, दोन्ही दोन सिटांच्या, दोन्हींचं छत मागे दुमडणारं. हिरवी आखूड आणि गुटगुटीत. लाल लांब नाकाची, भारी ठसक्याची. तासाभरात तिच्याखाली तेलाचं डबकं साचलं होतं. यातली एक आज घरी न्यायची, हा डॉक्टरांच्या बायकोचा हुकूम होता. गेल्या बुधवारी जुन्या गाडीने भर रस्त्यात मान टाकली. तीही ब्रिटिश, तीही दोन सिटांची. बायको बहिणीकडे निघाली होती. ती दुधाच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पोचली.

"घ्या बाई परत ब्रिटिशच," ती म्हणाली होती. "तुमचं ते खूळ काही जायचं नाही. पण मला रस्त्यात उभं करणारी नको. आणि पसंत तुम्ही करायची नाही. मिस्त्री करतील."

खरी मेख इथेच होती.

जुनी गाडी सोमवार ते शुक्रवार मुकाट्याने दवाखान्यात जायची. शनिवारी सकाळी साडेनऊला मात्र हटकून बंद. अकरा वर्षांत एक शनिवार चुकला असेल तर शपथ. घर चढावर, मिस्त्रींचं गॅरेज उताराच्या तळाशी. ब्रेक सोडला की गाडी आपसूक दारात. मग डॉक्टर पालथ्या क्रेटवर बसायचे, हातात बॅटरी धरायचे आणि बोलायला लागायचे. निवडणुका, मधुमेह, जावयाची नोकरी, चंद्रावरचं पाणी. गाडीखालून आवाज यायचा, "साफ चूक, डॉक्टर!" की यांचा चेहरा खुलायचा. आठवडाभर पेशंट नुसते "आ" करायचे. घरी बायको "हं" म्हणायची. "साफ चूक" म्हणणारा माणूस त्यांना अख्ख्या जगात एकच होता. गाडी दीडच्या सुमाराला सुरू व्हायची. काय बिघडलं होतं, हा विषय दोघांपैकी कुणी कधी काढला नाही.

आता न बिघडणारी गाडी आली, की त्या क्रेटवर कोणत्या तोंडाने जाऊन बसायचं? नुसत्या गप्पा मारायला? साठीच्या माणसाने काही कामधाम नसताना दुसऱ्याच्या दारात जायचं, याची डॉक्टरांना मनापासून लाज वाटायची. बुधवारपासून त्यांना धड झोप नव्हती.

"लाल झकास आहे," ते घाईघाईने म्हणाले. "काय तो आवाज! काय ती ऐट!"

"गळतेय ती," बायको म्हणाली.

"थोडंफार गळायचंच. ब्रिटिश आहे ती."

"साहेबांना पारख आहे," विक्रेता म्हणाला. लाल गाडी त्याच्या गळ्यात आठ महिने पडली होती. तो बिचारा काय म्हणणार?

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. मग पुन्हा पुसले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले, भुवया लालकडे उडवल्या, दोनदा खाकरले. मिस्त्री आपले जमिनीकडे बघत होते.

"वहिनी, हिरवी घ्या," शेवटी ते म्हणाले. "पाच वर्षं हिचं बोनेट उघडायला नको."

"बघा! याला म्हणतात माणूस," बायको म्हणाली आणि विक्रेत्याला घेऊन कागदपत्रांवर सह्या करायला आत गेलीसुद्धा.

डॉक्टर जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "केसाने गळा कापलात, मिस्त्री."

"मग काय लाल गळ्यात बांधू? तिचा गिअरबॉक्स चार दिवसांचा सोबती आहे. वहिनी शेजारी असताना घाटात गेला म्हणजे?"

"आणि शनिवारचं काय?" डॉक्टर ओरडलेच. अकरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा तोंडाबाहेर पडला होता. त्यांचे कान तापले.

मिस्त्रींनी एकदा ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच हिरवीचं बोनेट वर केलं.

"इकडे या. जुनीत तुम्ही कॉइलची वायर उपटत होतात, ती पद्धत इथे चालायची नाही. हा पिवळा फ्यूज बघा. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा आहे. बोटाने निघतो. नख तुटत नाही."

डॉक्टरांच्या तोंडाचा नेमका त्यांच्या पेशंटसारखा आ झाला. "तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या शनिवारपासून. ती वायर बसवायला अर्धं मिनिट लागतं, डॉक्टर. बाकीचा वेळ मी गाडीखाली उताणा पडून तुम्हाला खोडून काढत असतो. आठवडाभर माझ्याशी तरी कोण बोलतंय? गिऱ्हाईक येतं ते किल्ली फेकून जातं."

 डॉक्टरांनी उगाचच चष्मा पुसला, नाक पुसलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते बोनेटमध्ये वाकले आणि त्यांनी बोट पुढे केलं.

"अहो, तो निळा! पिवळा म्हणाले ना ते?"

दोघं दचकून वळले. बायको नव्या गाडीची किल्ली घेऊन पाठीशी उभी होती.

"नीट शिकवा हो त्यांना, मिस्त्री," ती म्हणाली. "शनिवारी हे घरी बसले तर मी कुठे जायचं?"