दर्ग्याची पायरी

आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी अबू जवादनी बूट काढले. मग तो चढवून, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या ऑफिसातल्या निळ्या कार्पेटवर नुसत्या मोज्यांवर उभे राहून ते पाहू लागले.

सिरियातल्या त्यांच्या गावचा दर्गा, पैगंबरांच्या एका साथीदाराचा, अतिरेक्यांनी सुरुंग लावून उडवला होता. तिथली दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या अबू जवादांच्या घराण्याकडे. आता ते स्लाऊच्या एका वेअरहाऊसमध्ये पार्सलं भरत. इथं काम करणाऱ्या आश्लेषानं पर्यटकांच्या जुन्या फोटोंवरून तोच दर्गा कॉम्प्युटरवर पुन्हा उभा केला होता. उद्यापासून तो एका म्युझियममध्ये लोकांना पाहायला मिळणार होता. पहिला मान आज त्यांचा.

"घुमट तोच आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "जाळीही तीच." त्यांची बोटं हवेतल्या जाळीवरून फिरली. आश्लेषाचे डोळे भरून आले.

दाराशी मात्र ते थबकले. आत जाईनात.

"आत जा ना, अंकल," ती म्हणाली.

"या पायरीवर माझा मुलगा जवाद बसायचा. येणाऱ्यांचे जोडे सांभाळायला. सुरुंग उडाला तेव्हाही तो दारातून हलला नव्हता." ते तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "घर जळालं, त्याचा एकही फोटो उरला नाही. तुला कुठल्या तरी फोटोत तो दिसला असेल ना?"

मागे उभे असलेले कंपनीचे मालक जयंतकाका मराठीत पुटपुटले, "कुणीच नव्हतं म्हणून सांग आणि विषय संपव."

"मला खोटं नाही बोलायचं, काका."

दिसला होता. एका नाही, चांगल्या चार-पाच फोटोंत. पायरीवर बसलेला एक तरुण, पुढ्यात चपलांची रांग. म्युझियमला दर्गा रिकामा हवा होता, म्हणून तिनं त्याला पुसून टाकलं होतं. काम संपल्यावर मूळ फोटोही करारानुसार डिलीट झाले होते.

"होता, अंकल," ती इंग्रजीत म्हणाली. "मीच त्याला काढून टाकलं. आम्हाला फक्त इमारत हवी होती. फोटो आता नाहीत."

जयंतकाका खिडकीकडे बघू लागले.

अबू जवादनी हेडसेट उतरवून टेबलावर ठेवला. ते रागावले नाहीत. उलट तिच्या जवळ आले.

"म्हणजे तू त्याला पाहिलंस," ते म्हणाले. "पुसायचं तर नीट पाहावं लागलं असेल. सांग ना, कसा दिसत होता? हसत होता?"

आश्लेषानं डोळे मिटून पाहिलं. चेहरा काही केल्या येईना. त्याची सावली पायरीवरून जाता जात नव्हती, सगळा आठवडा ती पुसण्यातच गेला होता, तेवढं मात्र तिला स्वच्छ आठवत होतं.