इरम्माला गाडी लागते

धाराशिवच्या मेडिकल कॉलेजातून आलेल्या आरोहीनं ओसरीवर बसता बसता असलं काही विचारलं, की तूर निवडणाऱ्या इरम्माचा हात सुपातच थांबला.

"आजी, खोकताना, शिंकताना, घागर उचलताना लघवी सुटते का? बाळंतपणानंतर बायकांना काय काय त्रास मागं राहतो, ते आम्ही गावोगाव विचारतोय."

"न्हाय बाई. आमाला असलं कायबी न्हाय."

म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती. धाकट्या लेकाच्या, नंदीशच्या वेळच्या बाळंतपणापासून ती हे एकटीनं सोसत आली होती. कुणी लग्नाकार्याला चल म्हटलं की म्हणायची, मला गाडी लागते. नंदीश भोळा, दर वेळी तिच्या हातात लिंबू ठेवून म्हणायचा, हुंगत बस, काही होत नाही. तरी ही दारातूनच सगळ्यांना हात करायची. लेकीच्या पोरांचे पाळणे झाले, तेही हिनं असेच घरी बसून काढले. लेक अजून त्यावरून रुसते.

आता सून शिवरंजनीला आठवा लागला होता. परवा ती पहिल्या बाळंतपणाला सोलापूरला माहेरी जायची होती आणि पाळणाही तिथंच व्हायचा होता. इरम्मानं आपल्या जुन्या मऊ लुगड्याची बाळासाठी कुंची शिवून ठेवली होती. कालच ती नंदीशच्या पिशवीत घालून तिनं त्याला सांगितलं, तूच ने रं बाबा, मला गाडी झेपायची न्हाय. सांगताना तिला रडू आलं होतं, पण ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

आरोही पुढचं विचारणार, तोच शिवरंजनी पोट सांभाळत बाहेर आली आणि उंबऱ्याशी टेकली.

"ताई, मला होतं. शिंकले की होतं."

इरम्मानं मान वर केली. "कवापासनं गं?"

"सातवा लागल्यापासनं."

"आन मला सांगायचं न्हाय व्हय? घरात म्या काय मेले हुते?"

"तुमी सांगितलं का मला?" शिवरंजनी हळूच म्हणाली. "न्हाणीमागं लुगड्याच्या आड धडुती वाळत असत्यात, आत्याबाई. ती मला दिसत्यात की."

इरम्माला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग एकदम पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं झालं. ती आरोहीकडं वळली.

"बाळंतीण असताना सव्वा महिना पाळला न्हाय म्या. घागरी उचलल्या. मला वाटायचं, त्याचंच फळ."

"तुमचा काही गुन्हा नाही, आजी. बाळंतपणात खालचे स्नायू ढिले पडतात. बऱ्याच जणींचं व्यायामानं कमी होतं. नाही झालं, तर औषधपाणी आहे."

व्यायाम अगदी साधा होता. आलेली लघवी दाबून धरतो तसं आतून आवळायचं, जरा धरायचं आणि सोडायचं. बसल्या जागी करता येतो, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही.

आरोही गेल्यावर दोघी सूप मधे घेऊन बसल्या आणि तूर निवडता निवडता आवळायला लागल्या. थोड्या वेळानं दोघींची नजरानजर झाली आणि शिवरंजनीला हसू फुटलं.

"हसू नगंस गं, केलेलं वाया जाईल," इरम्मा म्हणाली आणि स्वतःच डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कितीतरी वर्षांनी ती अशी हसली असेल. मग तिनं सुनेच्या कपाळावरची बट मागं सारली आणि हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.

तेवढ्यात नंदीश शेतातून आला. "काय चाललंय दोघींचं?"

"काम चाललंय," सासू म्हणाली. सुनेनं हसू दाबत सूप पुढं ओढलं.

"परवाची जीप ठरवली बघ, अव्वा. पाळण्याला बी तीच सांगतो. चल की या बारीला. लिंबं ठेवतो चार."

इरम्मा उठली. आत जाऊन तिनं नंदीशच्या पिशवीतली कुंची काढली आणि स्वतःच्या गाठोड्यात ठेवली.

"लिंबं नगंत," ती आतूनच म्हणाली. "वाटंत इटकळला जीप थांबीव. आन बोरामणीला बी."