उष्टी हवा

छतावरच्या नळीतून येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे, ते आमचं यंत्र वर्षानुवर्षं मोजतंय. नळीपाशी कुणी नुसता श्वास सोडला तरी स्क्रीनवरची रेघ टुणकन वर उडते. म्हणून सर सगळ्यांना दटावतात, "उष्टी हवा नको मला. वर गेलात की तोंड मिटून काम करायचं." स्वतः तर ते दम कोंडूनच नळीजवळ जातात.

आज वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. नळीच्या तोंडाशी बर्फ धरला म्हणून सर शिडी लावून वर गेले. मी खाली चहा टाकला. तेवढ्यात रेघ उडाली. आता सरांना कोण रागावणार, म्हणून मला हसूच आलं. मग ती पुन्हा उडाली. थोडं थांबून पुन्हा, पण दर वेळी जरा कमी उंच. कुणीतरी नळीला तोंड लावून मुद्दाम फुंकत होतं.

सर तर मेले तरी असं करणार नाहीत. हे मनात आलं आणि मी चहा तसाच सोडला.

बाहेर धावले. शिडी आडवी पडली होती. सरांच्या हाका वाऱ्याने केव्हाच गिळल्या असणार. माझ्या मलाच ऐकू येत नव्हत्या. कशीबशी शिडी उभी केली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खिडकीतून आतला स्क्रीन दिसला.

रेघ अगदी सरळ झाली होती, सरांना नेहमी हवी असायची तशी.