गिलावा ओला असेपर्यंत

फ्लॉरेन्समधल्या आमच्या प्रार्थनाघरात चितारी ओल्या गिलाव्यावर मेरी आणि बाळ येशू रंगवत होता. मेरी म्हणून मी बसले होते, मांडीवर माझा बिंदो. श्रीमंत घरांतल्या रीतीप्रमाणे तो जन्मल्यापासून डोंगरातल्या दूधआईकडे, तेस्साकडे वाढला. कालच परत आला. तेस्सा आज गावी जाणार होती. हा तिच्याकडेच झेपावत होता. चितारी कुरकुरला, “बाईसाहेब, गिलावा सुकला की रंग धरत नाही.” “मग माझ्याकडे बघतोय असा मनानं काढा!” “मनानं आमचे आजोबा काढायचे. म्हणून त्यांची बाळं म्हातारी दिसतात.” तेस्सा फिस्सकन हसली, तिला बघून बिंदोही. मी उठले, निळी शाल तिच्या खांद्यांवर घातली. “बस इथे.” “अगोबाई, मी? देवाची आई?” बिंदो कुशीत शिरून तिच्याकडे बघत राहिला. चितारी भराभर रंगवू लागला. “तेस्सा,” मी हळूच विचारलं, “याला झोपवताना काय गातेस? मला शिकव.”